मुंबई सोडून नदीकाठी जायचंय: सांगली की चिपळूण?

भांडुपला आमचा वन बीएचके आहे, चौथा मजला, आणि मिस्टर येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. पेन्शन नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि हे घर, एवढीच पुंजी. सासूबाई आमच्याकडे असतात, त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मुलीला महिन्यातून चारच दिवस ऑफिसला जावं लागतं बाकी ती घरून काम करते. तर हे घर भाड्याने देऊन किंवा विकून एखाद्या छोट्या, परवडणाऱ्या आणि जमलं तर नदीकाठच्या शहरात जायचं असं दीड वर्ष घरात चाललंय, आणि या दीड वर्षात आम्ही सांगलीला तीनदा आणि चिपळूणला तीनदा जाऊन, नुसतं बघून नाही तर चार-चार दिवस राहून आलोय. माझं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे मन चिपळूणकडे ओढतं हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात ठेवता येईल.

आधी दोन नावं बाजूला काढते जी प्रत्येक जण सुचवतो. एक बदलापूर. ज्यांना आठवड्यातले पाच दिवस ऑफिस गाठायचंच आहे त्यांच्यासाठी बदलापूर बरोबर आहे, उल्हास नदी आहे, लोकल आहे, घरं भांडुप-मुलुंडपेक्षा स्वस्त आहेत. पण सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर लांब राहून मुंबईचीच गर्दी आणि मुंबईचंच वेळापत्रक आम्हाला आता नकोय. आणि पूर तिथेही आहेच, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले, ते विसरलेले नाही कोणी. दुसरं नाव वाई. वाई इतकी सुंदर आहे की ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर बसलं की उठवत नाही, मेणवलीचा घाट तर विचारूच नका, आणि मराठी विश्वकोशाचं गाव म्हणून मला वेगळा जिव्हाळा आहे. पण रेल्वे नाही, आणि मोठ्या आजारपणाला साताऱ्याला किंवा पुण्यालाच पळावं लागणार. तब्येत ठणठणीत असलेल्या जोडप्याने वाईचा विचार जरूर करावा, आमच्या घरात डायलिसिस आहे म्हणून वाई कटाप.

राहिली सांगली आणि चिपळूण.

पैशाचं पटकन सांगते कारण त्यात फार फरक नाहीये. भांडुपला आमच्या बिल्डिंगमधे वन बीएचकेचं भाडं २८ हजार चालू आहे. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला टू बीएचके आम्हाला ११ ते १४ हजारात दाखवले आणि चिपळूणला ८ ते ११ हजारात. विकत घ्यायचं तर दोन्हीकडे आम्ही बघितलेले टू बीएचके भांडुपच्या घराच्या निम्म्याहून कमी पैशात येत होते. म्हणजे भांडुपचं घर भाड्याने देऊन तिकडे भाड्याने राहिलं तरी दर महिन्याला हातात सांगलीत चौदा ते सतरा हजार आणि चिपळूणला सतरा ते वीस हजार उरतात, म्हणजे गणित दोन्हीकडे जमतं. फरक पडतो तो रोजच्या बारीक खर्चात. सांगलीत भाजी, दूध, ज्वारी, शेंगदाणे, गूळ सगळं आसपास पिकतं त्यामुळे स्वस्त आणि ताजं. चिपळूणला भाजी बरीचशी घाटावरून येते, कुंभार्लीतून ट्रक खाली उतरतात, घाट बंद झाला की मंडईत भाव चढलाच. मासळी मात्र चिपळूणची, त्याला तोड नाही. स्कूटर दोन्हीकडे लागतेच, सांगली-मिरज मधे एसटीची सिटी बस आणि वडाप (शेअर जीप) आहे म्हणून म्हाताऱ्या माणसालाही एकट्याने फिरता येतं, चिपळूणला आम्ही प्रत्येक वेळी रिक्षाच केली.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण नदीकाठी जायचं म्हटल्यावर नदी नक्की काय करते हे न बघता घर घेणारी माणसं मी या दीड वर्षात बरीच बघितली.

मला आधी माहीत नव्हतं आणि कळल्यावर मी दोन दिवस नकाशे बघत बसले होते ती गोष्ट अशी की या दोन्ही गावांचं पाणी एकाच धरणाशी बांधलेलं आहे. कोयना. त्याचा शिवसागर जलाशय साधारण १०५ टीएमसीचा, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं काही पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे वीज करायला उतरतं आणि वीज करून झाल्यावर वाशिष्ठीला मिळतं, कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. आणि धरणाचे दरवाजे उघडले की पाणी पूर्वेला कोयना नदीतून कऱ्हाडला जातं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तिथून सांगलीला. म्हणजे सह्याद्रीच्या त्या एका कड्यावरचं पाणी इकडे गेलं तर चिपळूणला, तिकडे गेलं तर सांगलीला. म्हणूनच भर मे महिन्यातही चिपळूणला वाशिष्ठीला वाहतं पाणी दिसतं, कोकणातल्या बऱ्याच नद्यांचे नुसते दगड उघडे पडलेले असतात तेव्हा.

पण पूर दोघींचा अगदी वेगळा आहे, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो.

सांगलीत कृष्णेचं पाणी चढतं. येत नाही, चढतं. पावसाळ्यात सांगलीत कोणालाही भेटा, नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, आयर्विनला किती फूट? आयर्विन पूल १९२९ चा, त्यावर पातळी मोजतात, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. पाणी वरून येताना आधी कऱ्हाड, मग बहे, ताकारी, भिलवडी असं एकेका ठिकाणी वाढल्याचं कळत जातं आणि मग आयर्विनला वाढतं, त्यामुळे सामान वर चढवायला, गाडी हलवायला, म्हाताऱ्या माणसाला दुसरीकडे नेऊन ठेवायला वेळ मिळतो. वाईट गोष्ट ही की आलेलं पाणी लवकर जात नाही. नदीला उतार कमी, हरिपूरला वारणा येऊन मिळते ती तिचं वेगळंच पाणी घेऊन, पुढे पंचगंगा, आणि खाली कर्नाटकात अलमट्टीचं धरण, ज्याच्या फुगवट्याने पाणी अडतं असं तिथे म्हणतात आणि ज्याची उंची ५१९ मीटरवरून ५२४ पर्यंत वाढवायच्या विषयावर सांगली-कोल्हापूरकडची माणसं इतकी पोटतिडकीने बोलतात की ऐकत राहावं. ऑगस्ट २०१९ मधे आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, स्टँड सगळं पाण्यात आणि ते एक-दोन दिवस नाही तर आठवडाभर. २०२१ लाही धोक्याच्या पातळीच्या बरंच वर गेलं. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, पिढ्यान्पिढ्यांची पद्धत, २००५ च्या पुराने त्यांचं फार नुकसान केलं.

चिपळूणचं पाणी चढत नाही, येतं. वाशिष्ठी आखूड नदी, डोंगर लगेच पाठीशी, वर ढग फुटल्यासारखा पाऊस पडला की ते पाणी काही तासांत बाजारपेठेत, आणि त्याच वेळी दाभोळच्या खाडीला भरती असली तर खाली जायला वाट नाही. २२ जुलै २०२१ ला पहाटे लोक झोपेत होते. बाजारपेठ, चिंचनाका, मुरादपूर, खेर्डी, सगळीकडे पाणी, तळमजले पूर्ण बुडाले. माझ्या मामेबहिणीने तीन वाजता पाय खाली टाकला तो पाण्यातच पडला, वीज नव्हती, मोबाइल बंद, आणि गच्चीवर जाईपर्यंत जिना अर्धा बुडालेला. ते पाणी मग दीड-दोन दिवसांत ओसरलं पण मागे गाळ इतका की फ्रिज, कपाटं, फाइली, लग्नाचे अल्बम सगळं रस्त्यावर टाकायची वेळ आली. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं आहे, २००५ ला त्यांची पुस्तकं भिजली, जमवाजमव करून परत उभं केलं आणि २०२१ ला परत तेच. त्या लोकांनी दुसऱ्यांदाही ते उभं केलं, मी जाऊन पुस्तकं हातात घेऊन आले, आणि हे सांगताना मला भरून येतं. २०२१ नंतर नदीतला गाळ काढायचं काम झालंय, लोकांनी उपोषणं करून ते मागून घेतलं, ते आधी व्हायला हवं होतं असं तिथे जो तो म्हणतो.

आता या दोन पुरांपैकी आपल्याला कुठला झेपेल हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. घरात सगळे धडधाकट असतील आणि दुसऱ्या मजल्यावर घर असेल तर चिपळूणचा पूर म्हणजे दोन दिवसांची गैरसोय, पाणी-मेणबत्त्या-बिस्किटं भरून ठेवली की निघतं. पण ज्या घरात आजारी माणूस आहे त्यांना तयारीला वेळ मिळणं हे पाणी किती दिवस राहतं यापेक्षा महत्त्वाचं आहे. सासूबाईंचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार असतं. ते चुकवून चालत नाही. सांगलीत आयर्विन ३८-३९ वर गेलं की मी त्यांना मिरजेत ओळखीच्यांकडे नेऊन ठेवू शकते. चिपळूणला मला रात्री तीन वाजता कळणार.

आणि दोन्ही शहरांत सगळं गाव बुडत नाही हेही तितकंच खरं. सांगलीत गावभाग, खणभाग, मारुती चौक, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर हे नदीजवळचे भाग, आणि शामरावनगरला तर नदी सोडा नुसत्या पावसानेही पाणी साठून राहतं. विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेजची बाजू, मिरज रोड, कुपवाडकडे जमीन उंच आहे. चिपळूणला कापसाळकडे वर गेलं की वेगळंच चित्र आहे. जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते, निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची, निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्हीच्या मधे अटी. नगरपालिकेत किंवा महापालिकेत नगररचना विभागात जाऊन आपला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर दाखवून तो कुठे पडतो हे विचारायचं. एजंटला विचारून उपयोग नाही. आम्ही पहिल्यांदा सांगलीला डिसेंबरमधे गेलो, हवा छान, नदी शांत, घाटावर पोरं पोहतायत, आणि एजंटने जो तळमजल्याचा फ्लॅट दाखवला तो मला इतका आवडला होता की मिस्टर टोकन द्यायला निघाले होते. भिंती नव्या रंगाच्या. खाली कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांना मी सहज विचारलं की पाणी कुठवर आलं होतं हो, त्यांनी काही न बोलता हात वर करून शटरच्या डब्यावर टेकवला. त्यानंतर आम्ही दोन्ही गावांना मुद्दाम जुलै-ऑगस्टमधे गेलो.

दवाखान्यांच्या बाबतीत तुलना करण्यासारखं खरं तर फार नाही, मिरज आहे म्हणजे विषय संपतो. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, आणि त्यांच्याभोवती खाजगी दवाखान्यांची रांगच्या रांग, कर्नाटकातून पेशंट येतात. डायलिसिसला आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली, तिन्हीकडे आठवड्याला दोन स्लॉट मिळत होते. विश्रामबागहून मिरजेला जाताना मधे कृष्णा ओलांडावी लागत नाही, दोन्ही एकाच काठावर, हे मी नकाशावर बोट ठेवून बघितलंय आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा हाच ठरला. चिपळूणला कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला मोठं हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज आहे, ते चांगलं आहे, माझ्या काकांचं तिथे ऑपरेशन झालंय. पण पावसात हायवेने तिथवर आठवड्यातून दोनदा, परत येताना थकलेलं माणूस गाडीत, हे मला करून बघावंसं वाटत नाही. साध्या बीपी-शुगरवाल्यांना चिपळूण पुरेसं आहे.

मुंबईला येण्याजाण्यात चिपळूण सरळ जिंकतं. साधारण अडीचशे किलोमीटर, कोकण रेल्वेने सकाळी बसलं की दुपारी घरी, जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या, तुतारी सगळ्या थांबतात. हायवेचं काम २०११ पासून चालूच आहे तरी कशेडीचा बोगदा झाल्यापासून त्या घाटाचा त्रास वाचला. अडचण गणपती आणि शिमग्याची, बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि उघडल्या-उघडल्या संपतं. आणि वाशिष्ठी वाढली की रेल्वेही थांबते, २०२१ ला चिपळूण-कामथेच्या मधल्या पुलाशी पाणी धोक्याच्या वर गेलं म्हणून गाड्या बंद होत्या. सांगली पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे. रात्री सीएसएमटीला महालक्ष्मीत बसायचं आणि सकाळी सांगलीत उतरायचं, नाहीतर स्लीपर बस. महिन्यातून चार दिवस ऑफिसला येणाऱ्या मुलीला हे जमण्यासारखं आहे, एक रात्र जाताना एक रात्र येताना, मधे मावशीकडे दादरला. दर आठवड्याला यावं लागत असेल तर सांगली नको, शरीर तुटतं.

कागदपत्रांचं थोडंसं. सांगलीत स्वस्त प्लॉट किंवा रो हाऊस दाखवलं की पहिलं विचारा गुंठेवारी (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे) आहे का, एनए (बिगरशेती) आहे का. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, नियमित करून मिळतं, पण नियमितीकरणाचा कागद हातात नसेल तर बँक लोन देताना अडते आणि पुढे विकताना तुम्ही अडता. चिपळूणला त्रास वेगळा, सातबाऱ्यावर पंधरा-सोळा नावं, त्यातले चार मुंबईत, एक वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंद नाही. आमच्याच माहेरच्या जमिनीचं असं आहे त्यामुळे मी पोळलेली आहे. फ्लॅट घेणार असाल तर दोन्हीकडे हे बरंचसं टळतं, पण जमिनीचे कागद तरी बघाच.

रोजचं जगणं दोन्हीकडे मुंबईपेक्षा हळू आहे आणि दोन्हीकडे चांगलं आहे. सांगलीत नाटक आहे, विष्णुदास भाव्यांचं गाव, १८४३ चं सीतास्वयंवर तिथलंच, त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात आजही प्रयोग होतात. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत मी अर्धा तास उभी होते, भोपळे टांगलेले, एक जण तार जुळवत होता, मिरजेच्या सतारीला आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. संध्याकाळी भडंग घेऊन आमराईत चक्कर. उन्हाळा मात्र कोरडा आणि कडक, एप्रिलमधे दुपारी बाहेर पडवत नाही, आणि शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं हा कित्येक वर्षांचा प्रश्न आहे, त्यामुळे घरी चांगला फिल्टर हवाच. मगरी कृष्णेतही आहेत आणि वाशिष्ठीतही, काठावर पाय सोडून बसायचं स्वप्न असेल तर जागा स्थानिकांना विचारून निवडा. चिपळूणचा पाऊस वेगळाच, चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी, पण गोवळकोटवरून संध्याकाळी खाली खाडीकडे वळणारी वाशिष्ठी बघितली की मला वाटतं सगळं सोडून इथेच यावं. आणि बोली आपली, हाक मारणारी माणसं आपली. सांगलीत, मिरजेतली ती ओळख सोडली तर, आम्हाला ओळखणारं कोणी नाही. हा तोटा मी पैशात मोजू शकत नाही आणि तो मला रात्री जाणवतो.

तर आमच्या घरापुरतं असं ठरतंय की सांगली, पण विकत नाही. विश्रामबागला पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेली बिल्डिंग, अकरा महिन्यांचं ऍग्रीमेंट आणि ते जूनपासून, म्हणजे अख्खा पावसाळा त्यात येतो आणि पाणी वाढताना गाव कसं वागतं हे डोळ्यांनी बघता येतं. भांडुपचं घर तोपर्यंत भाड्याने, विकायचं नाही, एकदा मुंबईतलं विकलं की परत घ्यायची ऐपत राहत नाही. सासूबाई नसत्या आजारी तर मी चिपळूणच घेतलं असतं, कापसाळच्या बाजूला, वरच्या अंगाला. माझे दादा-वहिनी तेच करतायत, दोघं धडधाकट आहेत, मुलगा ठाण्याला आहे आणि त्याला दर पंधरा दिवसांनी आईच्या हातचं खायला यायचं असतं, त्यांच्यासाठी चिपळूण अगदी योग्य. वहिनींनी एक केलंय जे मला फार आवडलं, घर बघायला गेल्यावर त्या शेजारच्या तीन दारांवर जाऊन विचारून आल्या की २२ जुलैला तुम्ही कुठे होतात, आणि तिन्ही घरांतून उत्तर आलं की घरातच होतो, खालची माणसं आमच्याकडे राहायला आली होती. मग त्यांनी टोकन दिलं.

आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातोय. यावेळी सासूबाईंनाही नेतोय, मिरजेला त्यांचं एक डायलिसिस तिथेच करून बघायचं, जाताना येताना त्यांना गाडीत कितपत त्रास होतो ते बघायचं आणि मग त्यांना विचारायचं.